मेलेला मासा मोजता, न वाढलेला कोण मोजणार?

२०२२ साली लंपीने आपल्या जिल्ह्यातले गोठे बसवले, ते अजून कोणी विसरलेले नाही. सरकारने तेव्हा दर जाहीर केला. मेलेल्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. ज्यांची जनावरे दगावली ते पंचनाम्याच्या मागे लागले. ज्यांची वाचली त्यांनी देवापुढे नारळ फोडला. पण वाचलेल्या जनावराचे पुढे काय झाले, हे ज्याच्या दावणीला ते होते त्यालाच माहीत. पाच लिटरची गाय दोन लिटरवर आली. बैल घटकाभर औत ओढून धापा टाकू लागला. त्या बुडालेल्या दुधाचा आणि अडलेल्या पेरणीचा पंचनामा कोणी केला नाही, कारण जनावर जिवंत होते. सरकारी कागदाला नुकसान समजण्यासाठी आधी मढे लागते.

हाच कारभार आता पाण्यात चालू आहे. गोठ्यातले जनावर निदान डोळ्यांसमोर उभे असते. पाण्याखालचे दिसतही नाही.

२०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आले तेव्हापासून जिल्ह्यात तळी वाढली. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमध्ये बीजोत्पादन करणाऱ्यांनी पन्नी टाकून तळी बांधली. पाणी भाजीच्या बियाण्यासाठीच होते, पण साठलेले पाणी नुसते का ठेवायचे म्हणून त्यात मासोळी सोडायला सुरुवात झाली. २०२० मध्ये केंद्राची मत्स्यसंपदा योजना आली, पाठोपाठ बायोफ्लॉकच्या टाक्या आल्या. खडकपूर्णा, पेनटाकळी, नळगंगा, ज्ञानगंगा या जलाशयांवर आपले भोई आणि ढिवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकतातच. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगले झाले. शेतीचा दर्जा मिळाला म्हणजे शेतकऱ्याची दैनाही मिळणार, असे आमच्यातला एक जण तेव्हा म्हणाला होता. आम्ही हसलो होतो.

आमच्यापैकी चौघांनी चिलापी केली, त्याची ही गोष्ट. तळे तीस बाय तीस मीटरचे, पन्नीचे. ऑगस्टात बीज आले. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, ट्रकमध्ये रात्रभर हेलकावे खात आलेल्या. मोजून हजार बोटुकली सोडली. पहिल्या महिन्यात शंभरावर मेली. कडेला, पन्नीच्या घडीत, काळपट पडलेली, काहींच्या डोळ्यांवर सारा आलेला. व्यापारी म्हणाला, प्रवासाचा शीण आहे, दहा टक्के तूट धरायचीच असते. ती आम्ही धरलेलीच होती. नंतर मर थांबली. मासे खात होते, फिरत होते. फक्त वाढत नव्हते. दिवाळीत जे वजन होते त्यात पौषापर्यंत नाव घेण्यासारखी भर पडली नाही. खाद्याच्या दुकानदाराने सांगितले, बीज खराब. बीजवाल्याने सांगितले, खाद्य हलके. तिसऱ्याने एक टॉनिक दिले, चौथ्याने अँटिबायोटिकची पुडी. आम्ही दोन्ही टाकले, कारण बुडणारा माणूस काडीला धरतो आणि खेड्यात काड्या विकणारे पुष्कळ असतात. शेवटी एका कार्यालयात गेलो. समोरच्या माणसाने कागद पुढे ओढला आणि विचारले, ‘‘किती मेले?’’ आम्ही म्हणालो, आता मरत नाहीत, वाढत नाहीत. त्याने पेन खाली ठेवले. त्याच्या कागदात तो रकानाच नव्हता. त्या माणसाचा दोष आम्ही मानत नाही. रकाना आखणारा दुसराच कोणी असतो.

तो रोग कोणता, हे आजही कागदावर नाही. नमुना तपासलाच गेला नाही. पण तेव्हापासून जाणत्यांना विचारून आणि वाचून जे कळले ते इथे मांडतो, कारण ते कळले असते तर चौघांचा एक हंगाम वाचला असता.

मासा खातो त्याचे दोन वाटे होतात. एक अंगाला लागतो, दुसरा जगण्याच्या खर्चाला जातो. माशाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग नुसता स्नायूंचा, म्हणजे आपण ज्याला मांस म्हणून विकतो त्याचा. तेच आपले पीक. घरात मोठे दुखणे आले की काय होते? आधी रोजची मिळकत दवाखान्यात जाते, मग कणगीतले धान्य विकले जाते, मग बायकोच्या अंगावरचा डाग. माशाच्या अंगात विषाणू शिरला की असेच होते. रोगाशी लढणाऱ्या पेशी आणि द्रव्ये तयार करायला प्रथिने लागतात. खाल्लेले त्यांच्याकडे वळते. आजारी मासा खाणे कमी करतो, तेव्हा बाहेरून येणारे आटते आणि लढाई मात्र चालूच असते. मग शरीर स्नायूंतले प्रथिन मोडून वापरू लागते. स्नायू हीच त्याची कणगी. आपण टाकलेल्या खाद्याचे मांस व्हायचे, ते लढाईच्या दारूगोळ्यात जाते.

यात आणखी एक मेख आहे. वाढीचा हुकूम मेंदूखालच्या ग्रंथीतून निघतो, पण तो अमलात आणायला यकृत लागते. यकृत एक द्रव्य रक्तात सोडते, त्याने स्नायूंना वाढीचा निरोप मिळतो. रोगाची सूज अंगात असली की हा निरोप दबतो आणि उलट स्नायू मोडण्याचे काम जोर धरते. सालमन, ट्राउट या माशांवर हे पुष्कळ तपासले गेले आहे. लढाईची तयारी वाढली की वाढीची यंत्रणा मंदावते. भीती, दाटी, पहाटे कमी पडणारा प्राणवायू, ट्रकमधला प्रवास यांनी अंगात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते. ते बराच काळ चढेच राहिले तर प्रतिकारशक्ती खाली येते आणि स्नायूही झिजतात. म्हणजे रोग यायच्या आधीच आपण माशाला दोन्ही बाजूंनी दुबळा करून ठेवलेला असतो.

माशाची लढायची तऱ्हा जनावराहून वेगळी आहे. त्याच्या हाडांत मगज नाही. रक्त आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात आणि प्लीहेत तयार होतात. पहिली तटबंदी म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर. खरबरीत जाळ्याने किंवा कोरड्या हाताने तो पुसला की तट फुटला. बैलाला ताप येतो, कारण त्याचे अंग आतून तापते. माशाचे अंग पाण्याइतकेच गरम असते, म्हणून आजारी मासा ताप ‘आणायला’ गरम पाण्याच्या जागी जातो, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. नदीत, मोठ्या तलावात त्याला अशी जागा मिळते. पिंजऱ्यात आणि टाकीत कोठून मिळणार? त्याने जिथे आहे तिथेच सोसायचे.

आता विषाणूचे नाव घेऊ. चिलापीला जगभर ज्याने हैराण केले तो चिलापी सरोवर विषाणू. इस्रायलमध्ये २००९ पासून चिलापी मोठ्या प्रमाणात मरत होती. कारण कळायला २०१४ उजाडले. हा विषाणू मेंदू, डोळे आणि यकृतावर हल्ला करतो, म्हणजे जिथून वाढीचा निरोप सुटतो तेच यकृत सुजवतो. थायलंडात शेतकऱ्यांनी पाहिले की बीज पिंजऱ्यात सोडल्यापासून महिन्याभरातच मर लागते. कुठे वीस टक्के, कुठे नव्वद. २०१७ मध्ये जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने सगळ्या देशांना इशारा दिला. २०१८ मध्ये पश्चिम बंगाल आणि केरळमधल्या चिलापीत तो सापडल्याचे आपल्याच शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणारा लोहमार्ग आपल्या शेगाव, नांदुरा, मलकापूरवरून जातो आणि विदर्भात मत्स्यबीज बंगालहून, आंध्रहून येते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बंगालचे सगळे बीज रोगट असते असे आम्ही म्हणत नाही. तिथलेच बीज घेऊन आपल्याकडच्या कित्येकांची तळी पिकली आहेत. आम्ही एवढेच म्हणतो की पिशवीत काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही आणि बरेचदा विकणाऱ्यालाही कळत नाही.

या विषाणूतून वाचलेला मासा पुन्हा त्याच रोगाने सहजी मरत नाही. प्रतिकारशक्ती त्याला येते. पण ती फुकट आलेली नसते आणि असा मासा विषाणू बाळगणारा असू शकतो. आम्हा चौघांच्या तळ्यात जी ‘बरी झालेली’ मासोळी फिरत होती ती कशी होती, हे म्हणूनच कळायला हवे होते.

तेवढ्यात कोणी बाजारात बोंब उठवण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगतो. हा विषाणू माणसाला होत असल्याचे जगात कोठेही आढळलेले नाही. खाणाऱ्याला भीती नाही. हे सांगायचे कारण २००६ सालचे नवापूर. नंदुरबार जिल्ह्यातल्या त्या गावी बर्ड फ्ल्यू निघाला आणि रोग जिथे पोहोचलाच नाही तिथल्या कोंबड्यांचेही भाव मातीत गेले. तेव्हापासून पशुपाळ शेतकरी एक धडा शिकला, रोग झाला तर गप्प बस. रोग सांगितला की भाव पडतो, शेजारी तोंड फिरवतो, आणि हाती काही पडत नाही. केंद्राने जून २०२३ मध्ये माशांचे रोग कळवायला मोबाइलवरचे ॲप काढले. काढले ते बरे केले. पण सांगणाऱ्याला सांगून काय मिळते याचे उत्तर ॲपमध्ये नसते, आणि फोटोत विषाणू दिसत नाही.

आता आमच्या वहीतला हिशेब मांडतो. आकडे चौघांपैकी एका तळ्याचे आहेत, ताळा ज्याचा त्याने करून पाहावा.

हजार बीज. शंभरांची तूट धरली तर नऊशे मासे अर्ध्या किलोचे, म्हणजे ४५० किलो व्हायला हवे होते. किलोभर वाढीला दीड किलो खाद्य धरले तर ६७५ किलो. ४५ रुपयांच्या भावाने ३०,३७५ रुपये. विक्री १०० रुपयांनी ४५,०००. बीज, वीज आणि घरची मजुरी बाजूला ठेवली तर खाद्य जाऊन १४,६२५ रुपये हाती यायला हवे होते. घडले काय? ८५० मासे निघाले, सरासरी ३०० ग्रॅमचे. एकूण २५५ किलो. त्यांनी खाद्य खाल्ले ५६० किलो, म्हणजे किलोभर मासळीला जवळजवळ सव्वादोन किलो. खर्च २५,२०० रुपये. लहान मासळीला आठवडी बाजारात भाव मिळाला ८० रुपये. आले २०,४००. खाद्याचेही ४,८०० रुपये अंगावर आले. जे मिळायला हवे होते आणि जे झाले त्यातला फरक १९,४२५ रुपये.

यातले मेलेल्यांमुळे किती गेले? अपेक्षेपेक्षा पन्नास मासे जास्त मेले. ते अर्ध्या किलोचे झाले असते असे धरले तरी पंचवीस किलो, अडीच हजार रुपये. उरलेले जवळपास सतरा हजार जिवंत माशांनी बुडवले. पंचनाम्याला आलेला माणूस अडीच हजारांचे नुकसान लिहून गेला असता आणि वर म्हणाला असता, नशीब समजा.

आता कोणी म्हणेल, आजार गेला की मासा भरून काढतो. खरे आहे. उपाशी किंवा आजारी राहिलेला मासा पुढे बरे पाणी आणि पोटभर खाद्य मिळाले तर जोराने वाढतो. या बाबतीत तो बैलापेक्षा सुदैवी आहे. बैलाच्या स्नायूंतल्या धाग्यांची संख्या जन्माच्या सुमारासच ठरून जाते, पुढे ते फक्त जाड होतात. मोठा होणारा मासा जन्मानंतरही बराच काळ नवे धागे घालत राहतो. म्हणून त्याला सावरायला वाव असतो. पण सावरायला वेळ लागतो, आणि आपल्याकडे नेमका तोच नाही. आपले पाणी जुलै-ऑगस्टात येते. फाल्गुनात तळ दिसू लागतो. त्यात शेडनेटलाही पाणी द्यायचे असते. पाणी उतरले की दाटी वाढते, ऊन वाढते, पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. मासा भरून काढायला लागतो तेव्हा तळे रिकामे करायची वेळ आलेली असते. बारमाही पाणी असलेल्या मुलखात दोन महिन्यांचा आजार म्हणजे दोन महिन्यांचा उशीर. बुलढाण्यात दोन महिन्यांचा आजार म्हणजे गेलेला हंगाम. मुंबई-पुण्यात बसून योजनेची पुस्तिका लिहिणाऱ्याला हा फरक कळावा, अशी अपेक्षा तरी कशी करायची?

दुसरे देश या न वाढण्याकडे कसे पाहतात? नॉर्वेत सालमनला एका विषाणूने स्वादुपिंडाचा रोग होतो. आधी पचनाची ग्रंथी जाते, मग हृदयाचे आणि अंगाचे स्नायू खराब होतात. बरेच मासे मरत नाहीत, लांबट आणि हडकुळे होऊन राहतात. तिथे हा रोग कळवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि एकेका माशाला सुई टोचून लस देतात. २०१७ मध्ये युरोपीय संघाने या रोगावरच्या डीएनए लसीला मान्यता दिली. ती लस माशाच्या स्नायूतच टोचतात. नॉर्वेचा शेतकरी आपल्यापेक्षा शहाणा आहे म्हणून हे झाले नाही. तिथे न वाढलेल्या माशाची किंमत मोजली गेली आणि मोजलेल्या नुकसानीवर पैसा खर्च करायला बाजार तयार झाला. आपल्या तीनशे ग्रॅमच्या चिलापीला सुई टोचा असे आम्ही म्हणणार नाही. ते परवडणारे नाही. पण आपल्याला परवडेल असा धडा आपल्याच देशात गिरवला गेला आहे.

१९९४-९५ मध्ये आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीला पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू लागला आणि तळीच्या तळी चार-आठ दिवसांत साफ झाली. त्यानंतर दशकभर औषधवाल्यांची चंगळ झाली. तळ्यात काय काय ओतले गेले याची गणती नाही. कोळंबीला तर प्रतिपिंडे तयार करण्याची सोयच निसर्गाने दिलेली नाही, त्यामुळे माशाला देतात तशा लसीचा मार्गही बंद. मार्ग निघाला तो बीजातून. २००९ मध्ये परदेशी वनामी जातीच्या कोळंबीला परवानगी मिळाली, ती अट घालून. पैदाशीचे नर-मादी ठरावीक रोगांपासून मुक्त असलेलेच आणायचे आणि आधी चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात ठेवायचे. रोग त्याने संपले नाहीत, नवे आले. पण धंदा उभा राहिला तो स्वच्छ बीजावर. उलटा दाखलाही आहे. गोड्या पाण्यातला मोठा झिंगा. त्यात २००० नंतरच्या दशकात आंध्र-तामिळनाडूच्या बीजकेंद्रांत पांढऱ्या शेपटीचा विषाणू निघाला. तो थेट स्नायूंतच बसतो. पारदर्शक शेपटी दुधासारखी होते आणि पिल्ले पटापट मरतात. मोठ्या झिंग्याला मात्र काहीच झालेले दिसत नाही. तो रोग बाळगतो आणि अंड्यांवाटे पुढे देतो. धडधाकट दिसणारी मादी निवडून आणली, म्हणून बीज निरोगी निघेल असे नाही, हे त्यातून कळले.

मग आपण काय मागायचे? अनुदान वाढवा, हे मागणे आम्हाला पसंत नाही. टाकीला अनुदान मिळते, पिंजऱ्याला मिळते, बीजालाही मिळते. लोखंड आणि प्लास्टिक विकणाऱ्यांचे त्यात भले झाले. आम्ही मागतो ती तपासणी. कपाशीच्या पाकिटावर लॉट नंबर असतो, उगवणीचा आकडा असतो, तो खोटा निघाला तर १९६६ च्या बियाणे कायद्याखाली निदान भांडता येते. त्या कायद्यात मासा बसत नाही. मत्स्यबीजाच्या पिशवीवर काय असते? गाठ. मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलाच आहे, तर बीज विकणाऱ्याने कोणत्या केंद्राचे, कोणत्या तारखेचे आणि कोणत्या विषाणूंसाठी तपासलेले बीज आहे हे लिहून द्यावे, आणि लिहिलेले खोटे निघाले तर भरपाई द्यावी, एवढे सरकारने करावे. याला तिजोरीतून फारसे काही लागत नाही. तपासणीचा खर्च बीजाच्या भावात चढेल. चढू द्या. हजार बीजामागे चार पैसे जास्त देऊन सतरा हजार वाचणार असतील तर ते न परवडणारा शेतकरी आम्ही पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट तपासणीच्या जागेची. रोगांवर पाळत ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून लखनौच्या संस्थेमार्फत चालतो. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. मंडळी जाणती आहेत. पण आपल्या तळ्यावरून नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर आणि मुंबई त्याहून दूर. भर उन्हात मेलेला मासा दोन-तीन तासांत वास मारतो. तो घेऊन कोण जाणार आणि तिथे पोहोचल्यावर त्यात काय दिसणार? आरटीपीसीआर हा शब्द कोरोनाच्या वर्षात आपल्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसला. विषाणू ओळखायची तीच पद्धत माशालाही लागते. यंत्र जिल्ह्यात असले तर उत्तमच. नसले तरी नमुना नीट काढून स्पिरिटात घालून पाठवणारा एक शिकलेला माणूस कृषी विज्ञान केंद्रात असावा, एवढे तरी जिल्ह्याला मिळायलाच हवे. नमुना मेलेल्याचा नको, मरायला टेकलेल्याचा हवा. यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडाचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे, भरपूर तीव्र अल्कोहोलमध्ये. आम्हाला हे कोणी त्या भाद्रपदात सांगितले असते तर काम भागले असते.

तिसरी गोष्ट विम्याची. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या सहयोजनेत मत्स्यशेतीच्या विम्याच्या हप्त्याला हातभार लावायचे ठरले आहे. विमा उतरवताना एक प्रश्न विचारा, न वाढलेल्या वजनाचे काय? पिकाच्या विम्यात उंबरठा उत्पन्न असते. सोयाबीन उभे असले तरी उतारा घटला तर नुकसान धरतात, निदान कागदावर. २०२३ मध्ये पिवळ्या मोझॅकने विदर्भात सोयाबीन गेले तेव्हा झाड मेले का असे कोणी विचारले नव्हते, शेंगा भरल्या का असे विचारले होते. माशालाही तोच न्याय लावा.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू, कारण सगळे खापर दुसऱ्यावर फोडणे आमच्या जिवावर येते. आम्ही चौघांनी एकच जाळे चार तळ्यांत फिरवले. मेलेली मासोळी नाल्यात टाकली. त्या नाल्याचे पाणी खाली एका ढिवर भावाच्या ठेक्याच्या तलावात जाते. त्याच्या मासळीचे काय झाले हे विचारायला आम्ही वर्षभर गेलो नाही, लाज वाटली म्हणा. तळे सुकवून, चुना मारून, पन्नी उन्हात तापवून मगच नवे बीज सोडायचे असते. आम्ही घाईत अर्धे पाणी तसेच ठेवले होते. नवे बीज पंधरा-वीस दिवस वेगळ्या टाकीत ठेवून पाहायचे असते. आमच्याकडे टाकी होती, धीर नव्हता. अँटिबायोटिक विषाणूला लागू पडत नाही, हे माणसांच्या डॉक्टरने शंभरदा सांगितलेले असूनही आम्ही पुडी टाकली. पैसे गेले ते गेले, वर मासळीत औषधाचा अंश राहिला असता तर खाणाऱ्याच्या पोटात गेला असता. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना मत्स्यशेतीत बंदी आहे. बिनलेबलाच्या पुडीत काय असते हे पुडी देणाऱ्याला विचारा आणि त्याचे तोंड पाहा.

रोहू, कटला, मृगळ करणाऱ्यांनी हे वाचून सोडून देऊ नये. त्यांच्या तळ्यात आज त्रास मुख्यतः उवांचा आणि जिवाणूंचा असेल, पण न वाढण्याचा हिशेब तोच आहे. आणि खारपाणपट्ट्यातल्या आमच्या भावांना, जे मचूळ पाण्यात चिलापीचा विचार करत आहेत, विशेष सांगणे की मासा त्या पाण्यात तगेल, म्हणून बीज न तपासता सोडू नका.

येत्या जिल्हा बैठकीला मत्स्यशेती करणाऱ्या प्रत्येकाने एक वही घेऊन यावे. बीज कोणत्या तारखेला आले, कोठून आले, पिशवीवर काय लिहिले होते. दर पंधरा दिवसांनी जाळे टाकून तीस मासे तोलावेत, मासे ओल्या हाताने धरावेत, सरासरी लिहावी. खाद्याची पोती लिहावीत. मेलेले मोजावेत, मासळी वर केव्हा आली ते लिहावे. ज्यांनी या वर्षी काही लिहिले नाही त्यांनी आठवून लिहावे, पण आठवून लिहिले आहे असे वर नमूद करावे. ढिवर आणि भोई समाजाच्या सोसायट्यांनाही निरोप द्यावा. त्यांच्या तलावातला तोल आपल्यापेक्षा जुना आणि खरा आहे. पुढचे बीज जुलैत उतरेल. त्याआधी मेमध्ये या वह्या एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायच्या आणि नुकसानीच्या कागदात आणखी एक रकाना मागायचा, असे आम्ही बैठकीपुढे मांडणार आहोत.